फ्रॉस्टच्या आधी: हिरव्या टोमॅटोंची अढी कशी घालावी

ऑक्टोबर लागला की अंगणातल्या टोमॅटोची पंचाईत ठरलेली. झाडं पुरुषभर उंच, फांद्या फळांनी वाकलेल्या, आणि त्यातली निम्मीअधिक फळं हिरवीगार. इकडे मध्य न्यू जर्सीत रोपं लावायची ती मदर्स डे उलटल्यावर, म्हणजे मेच्या मध्यात, आणि पहिला फ्रॉस्ट, म्हणजे दव गोठवणारी थंडी, येतो ऑक्टोबरच्या मध्याच्या आसपास. मिनियापोलिसकडे तो आणखी आधी येतो, सिॲटलला बराच उशिरा. पण या सगळ्या भागांत येतोच. पहिल्या-दुसऱ्या वर्षी भाजी लावणारी मंडळी अशा वेळी एक तर ‘अजून चार दिवस बघू’ म्हणत सगळं पीक गोठवून घेतात, नाही तर घाबरून सगळं तोडतात, खिडकीत उन्हाला मांडतात आणि महिन्याभरात सुरकुतलेली फळं फेकून देतात.

दोन्ही टाळता येतं. त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही. फळ ओळखता यायला हवं आणि घरातली योग्य थंडाव्याची जागा शोधायला हवी. आंब्याची अढी ज्यांच्या घरात लागायची त्यांना यातलं निम्मं आधीच माहीत आहे: भरलेलं फळ झाडावरून उतरवलं तरी पिकतं, कोवळं उतरवलं तर नुसतं चिमतं. टोमॅटोचंही तेच. भरलेला टोमॅटो इथिलीन नावाचा वायू स्वतःच सोडायला लागतो आणि त्या वायूनेच तो पिकतो. पिकायला त्याला ऊन लागत नाही, ऊब लागते, आणि तीही बेताची.

सप्टेंबरमध्ये करायचं काम

ज्यांना हा लेख वेळेवर मिळाला त्यांच्यासाठी. आपल्या भागातल्या सरासरी पहिल्या फ्रॉस्टच्या साधारण चार आठवडे आधी प्रत्येक फांदीचा शेंडा खुडा आणि नवी फुलं काढून टाका. फूल लागल्यापासून फळ लाल व्हायला चांगल्या हवेतही सहा ते आठ आठवडे लागतात, त्यामुळे सप्टेंबरच्या मध्यात आलेल्या फुलाचा तुम्हाला काही उपयोग नाही. ते फक्त आधीच्या फळांचं अन्न खातं. फुललेली फांदी खुडायला हात धजत नाही, हे खरं. तरी खुडा.

गोटीएवढी फळंही याच वेळी काढली तर चालतात. झाडाला जे काही द्यायचं आहे ते मोठ्या फळांना मिळू दे.

कधी उतरवायचे

अमेरिकेतल्या हवामान खात्याचे दोन इशारे ओळखीचे करून घ्या. ‘फ्रॉस्ट अ‍ॅडव्हायझरी’ साधारण 33 ते 36 अंश फॅरनहाइटच्या अंदाजाला येते आणि ‘फ्रीझ वॉर्निंग’ 32 किंवा त्याखाली. पाणी 32 ला गोठतं, मग 36 ला कसली भीती, असं वाटेल. पण अंदाजातलं तापमान माणसाच्या उंचीच्या आसपासचं असतं. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमिनीलगतची हवा त्याहून बरीच गार होते आणि पानांवरचं दव गोठतं. ढगाळ, वाऱ्याची रात्र त्या मानाने बरी.

एकच रात्र वाईट आहे आणि पुढचा आठवडा उबदार दिसतोय, असं ऑक्टोबरात हमखास होतं. तेव्हा जुन्या चादरी कामाला येतात. संध्याकाळी ऊन उतरायच्या आत झाडावर चादर टाका आणि ती जमिनीपर्यंत पोचेल असं बघा, कारण अडवायची असते ती जमिनीतून वर येणारी ऊब. झाडाच्या नुसत्या माथ्यावर टाकलेल्या चादरीचा फारसा उपयोग नाही. प्लास्टिक टाकलंत तर ते पानांना टेकू देऊ नका. जिथे टेकतं तिथलं पान गोठतं. सकाळी ऊन आलं की काढायला विसरू नका.

पण चादरी टाकत टाकत नोव्हेंबर गाठण्यात अर्थ नाही. रात्रीचं तापमान सलग 50 फॅरनहाइटच्या, म्हणजे 10 सेल्सिअसच्या खाली जायला लागलं की झाडावरचं फळ गोठत नसलं तरी आतून बिघडायला लागतं. वरून काही दिसत नाही. घरात आणल्यावर मात्र ते डागाळतं, पिठूळ पिकतं किंवा पिकायच्या आधीच काळं पडतं. ‘फ्रॉस्ट यायच्या आदल्या दिवशी काढले तरी सडले’ अशी तक्रार ऐकू येते, तिचं कारण बहुतेक वेळा त्याआधीच्या दहा-बारा गार रात्रींत असतं. म्हणून माझं मत: हवामान खात्याच्या इशाऱ्याची वाट न पाहता, गार रात्रींची रांग लागतेय असं दिसताच भरलेली फळं उतरवून घ्या.

कोरडा दिवस निवडा, दव वाळल्यावर, दुपारी. ओलं फळ खोक्यात गेलं की बुरशी आलीच.

फळ ओळखणं

इथे घाई करू नका. सगळ्या खटाटोपाचं फळ याच अर्ध्या तासावर ठरतं.

भरलेला हिरवा टोमॅटो त्याच्या जातीच्या पूर्ण आकाराला पोचलेला असतो. त्याचा गर्द हिरवा रंग जाऊन तो फिकट, पांढरट हिरवा होतो. कातडीवर चकाकी येते. बुडाशी, देठाच्या विरुद्ध टोकाला, बऱ्याचदा फिकट चांदणीसारखी खूण दिसते. कोवळा टोमॅटो मंद, गडद हिरवा असतो आणि हाताला दगडासारखा लागतो.

तरी खात्री पटत नसेल तर एक फळ कापून बघा. धारदार सुरी मधोमध फिरवा. आतल्या कप्प्यांत बुळबुळीत गर तयार झाला असेल आणि बिया सुरीखालून निसटून बाजूला सरकल्या असतील तर फळ भरलेलं आहे. त्या झाडावरची तेवढ्या आकाराची, तेवढ्या रंगाची बाकीची फळंही पिकतील. गर नसेल, कप्पे कोरडे आणि घट्ट असतील आणि बियाही फळाबरोबर कापल्या गेल्या असतील तर ते फळ आणि त्याचे भाऊबंद कितीही लाड केलेत तरी लाल होणार नाहीत. कापलेला टोमॅटो वाया जात नाही, त्याची चटणी करा. दोन-तीन जाती लावल्या असतील तर प्रत्येक जातीचं एक फळ कापा, कारण रोमाचं भरलेपण आणि बीफस्टेकचं भरलेपण वरून सारखं दिसत नाही.

आणखी एक अवस्था असते: पाडाला लागलेला टोमॅटो. बुडाशी किंचित पिवळसर-गुलाबी छटा, एखाद्या नखाएवढी. हा सगळ्यात भरवशाचा. इथपर्यंत आलेलं फळ घरात पिकलं तरी चवीला झाडावर पिकलेल्याच्या अगदी जवळ जातं. पूर्ण हिरवं उतरवलेलं तितकं गोड होत नाही, हे आधीच मनाशी धरा. डिसेंबरात दुकानात मिळणाऱ्या टोमॅटोपेक्षा ते नक्कीच बरं असतं, एवढंच.

‘ग्रीन झीब्रा’सारख्या, पिकल्यावरही हिरव्याच राहणाऱ्या जाती लावल्या असतील तर रंगावर जाऊ नका. बोटाने हलकं दाबून बघा आणि हिरव्या पट्ट्यांमधली पिवळसर झाक शोधा.

आता वाटणी. अंगणातच चार टोपल्या घेऊन बसा:

1. पाडाला लागलेले
2. भरलेले हिरवे, बिनडाग
3. कोवळे, पण खाण्याजोगे
4. भरलेले, पण जखमी: तडा गेलेले, खरचटलेले, किडीने टोकरलेले

पहिल्या दोन टोपल्या अढीला जातात, उरलेल्या दोन थेट स्वयंपाकघरात. देठाजवळचा जुना, सुकून बुचासारखा झालेला तडा चालतो. ताजा, ओला तडा चालत नाही. कातडीखाली पांढरट ढगाळ ठिपके दिसले तर ते स्टिंक बग नावाच्या ढेकणासारख्या किड्याने रस शोषल्याचे असतात. दिसायला वाईट, खायला निर्धोक, अढीत ठेवायला हरकत नाही. बूड काळं पडलेलं फळ मात्र चौथ्या टोपलीत टाका. काळा भाग कापून उरलेलं वापरता येतं.

एका गोष्टीबाबत कडक राहा. खांद्याकडून, म्हणजे देठाभोवतीच्या भागातून, पसरत जाणारे तपकिरी, तेलकट, टणक डाग असले तर तो उशिरा येणारा करपा आहे. 1845 पासून आयर्लंडात ज्या रोगाने बटाट्याचं पीक नासवून दुष्काळ पाडला तोच हा, आणि 2009 च्या उन्हाळ्यात ईशान्य अमेरिकेतल्या घरगुती बागा त्याने झोपवल्या होत्या. असं फळ खोक्यात नको आणि कंपोस्टमध्येही नको. बंद पिशवीत घालून कचऱ्यात टाका. त्याच झाडावरची बिनडाग दिसणारी फळं ठेवायचीच असतील तर वेगळ्या खोक्यात ठेवा आणि रोज बघा. त्यातली बरीच पुढच्या आठवड्यात डागाळतात.

अढी

धुऊ नका. माती असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. अगदी चिखल असेल तर धुवा, पण मग पंख्याखाली पूर्ण वाळवा, देठाच्या खळगीतलं पाणीसुद्धा. देठाचा दांडा काढून टाका, नाहीतर तो शेजारच्या फळात घुसतो आणि सड तिथूनच सुरू होते.

पुठ्ठ्याचं उथळ खोकं घ्या आणि तळाशी कागद अंथरा. घरी वर्तमानपत्र येत नसेल तर पार्सलमध्ये भरण म्हणून येणारा तपकिरी कागद उत्तम. (किराणा दुकानातल्या कागदी पिशव्या पूर्वी या कामाला यायच्या, न्यू जर्सीत 2022 पासून मोठ्या दुकानांत त्याही मिळत नाहीत.) जाहिरातींचा गुळगुळीत कागद नको, तो ओल शोषत नाही. टोमॅटो एका थरात, एकमेकांना न टेकता, देठाकडची बाजू खाली करून मांडा. जागा कमी असेल तर मध्ये कागद घालून दुसरा थर चालेल. तिसरा नको.

प्रत्येक फळ वेगळं कागदात गुंडाळायची पद्धत आहे. त्याचा फायदा म्हणजे एक नासलं तरी शेजारी वाचतो. तोटा असा की काय चाललंय ते दिसत नाही, आणि रोज चाळीस पुड्या सोडून पुन्हा बांधण्याचा उत्साह चार दिवसांत मावळतो. मी फक्त लांबच्या मुक्कामाचे टोमॅटो गुंडाळते. लवकर पिकणारे उघडे ठेवते आणि वर एक कागद पसरते.

जागा ठरवताना हाताशी थर्मामीटर ठेवा. 65 ते 70 फॅरनहाइट, म्हणजे 18 ते 21 सेल्सिअस असलेल्या खोलीत भरलेला हिरवा टोमॅटो साधारण दोन आठवड्यांत लाल होतो. पाडाला लागलेला त्याच्या निम्म्या वेळात. 55 फॅरनहाइटला, म्हणजे 13 सेल्सिअसच्या आसपास हेच काम तीन-चार आठवडे घेतं. याचाच फायदा उठवायचा. सगळे टोमॅटो एकाच खोलीत ठेवलेत तर सगळे एकाच आठवड्यात पिकतील आणि तुम्ही शेजारपाजारी वाटत फिराल. पाडाचे स्वयंपाकघराच्या एखाद्या कपाटात ठेवा आणि हिरवे बेसमेंटमध्ये. बेसमेंटमधल्यातलेही थोडे थोडे दर आठवड्याला वर आणत गेलात तर थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत, कधी त्यानंतरही, घरचे टोमॅटो पुरतात.

गॅरेज मोहात पाडतं, पण तिथे रात्री तापमान 50 च्या खाली घसरतं आणि मग फळ झाडावर गारठलं काय नि गॅरेजमध्ये, परिणाम एकच. त्याच कारणासाठी हिरवा टोमॅटो फ्रिजमध्ये कधीही ठेवायचा नाही. उलट टोकाला, हीटिंगच्या झडपेजवळ किंवा खिडकीतल्या उन्हातही नको. साधारण 86 फॅरनहाइटच्या वर टोमॅटोत लाल रंगद्रव्य तयार होणं थांबतं, पिवळं होत राहतं, आणि फळ नारिंगी होऊन मऊ पडतं.

हवा फार कोरडी असली तर फळं सुरकुततात. हीटिंग सुरू झाल्यावर अमेरिकेतल्या घरांत हे होतंच. खोक्याचं झाकण अर्धं लावा, कागद वर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र बांधू नका, आत पाणी सुटतं.

दोन-चार फळं लवकर हवी असतील तर ती कागदी पिशवीत एका पिकल्या केळ्याबरोबर किंवा सफरचंदाबरोबर ठेवा आणि तोंड दुमडा. केळ्याचं इथिलीन टोमॅटोला पुढे ढकलतं. हाच वायू नको तेव्हाही काम करतो: अख्ख्या खोक्यात एक लालबुंद फळ राहिलं तर ते बाकीच्यांनाही घाई करतं. म्हणून पिकलेलं लगेच बाहेर काढायचं.

खोकी मांडायचा कंटाळा असणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. अख्खं झाड मुळासकट उपटा, माती झाडा, पानं काढा आणि बेसमेंटच्या तुळईला उलटं टांगा. फळं फांदीवरच हळूहळू पिकतात. चेरी टोमॅटोला हे विशेष सोयीचं, कारण ती बारकी फळं एकेक मांडत बसणं म्हणजे शिक्षा. खाली जुनी चादर अंथरा; काही फळं पडतातच. इटलीत व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी पिएन्नोलो नावाचे छोटे टोमॅटो असेच घोस बांधून हिवाळाभर टांगून ठेवतात, पण ती जातच टिकणारी, जाड सालीची आहे. आपल्या साध्या चेरी टोमॅटोकडून तेवढी अपेक्षा धरू नका.

रोजची फेरी

सुरुवातीचा आठवडा रोज, नंतर एक दिवसाआड खोक्यात डोकवा. बोट लावून बघा, वास घ्या. आंबूस वास आला की कुठेतरी एक फुटलेला आहे. तो सापडेपर्यंत उठू नका. पाणी सुटलेलं फळ काढलं की त्याखालचा कागदही बदला.

लाल झालेला टोमॅटो ओट्यावर तीन-चार दिवस राहतो. त्यात संपत नसतील तरच फ्रिज. 2016 साली फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेल्या पिकल्या टोमॅटोची गंधद्रव्यं घटतात आणि बाहेर काढून एक दिवस ठेवल्यावरही पूर्ण भरून येत नाहीत. कोशिंबिरीला बाहेरचा घ्या. फ्रिजमधला साराला आणि रश्श्याला चालतो.

तीन आठवड्यांनंतरही काही फळं जशीच्या तशी हिरवी, वर मऊ आणि सुरकुतलेली दिसतील. ती कोवळी होती, आपली निवड चुकली. स्वयंपाकघरात न्या.

जे पिकणार नाहीत त्यांचं काय

कोवळ्या टोमॅटोंकडे उरलंसुरलं म्हणून बघू नका. मला तर हीच टोपली जास्त आवडते. हिरव्या टोमॅटोची चटणी पुन्हा वर्षभर मिळत नाही. जाड फोडी, हिरव्या मिरच्या आणि लसणाच्या पाकळ्या थोड्या तेलावर झाकण न ठेवता परता, फोडींना काळपट डाग पडेपर्यंत. झाकलंत तर पाणी सुटून त्या शिजतील, भाजल्या जाणार नाहीत. मग भाजलेले दाणे किंवा तीळ, मीठ आणि लिंबाएवढा गूळ घालून जाडसर वाटा. वरून हिंग-मोहरीची फोडणी. भाकरीबरोबर खा.

भाजी करायची तर गोडा मसाला, गूळ आणि दाण्याचं कूट घालून रसदार, किंवा पीठ पेरून कोरडी. हिरवा टोमॅटो चांगलाच आंबट असतो, तेव्हा चिंच घालू नका आणि गुळाचा हात थोडा सैल ठेवा. उरलेल्या फोडी ताटात पसरून फ्रीझरमध्ये गोठवा आणि मग पिशवीत भरा. हिवाळ्यात आमटीत चिंचेऐवजी मूठभर टाकता येतात.

हिरव्या टोमॅटोत टोमॅटिन नावाचं कडवट द्रव्य असतं. एरवीच्या भाजी-चटणीच्या प्रमाणात त्याने काही होत नाही. पानं आणि देठ मात्र खायचे नाहीत.

साठवणीबद्दल एक ताकीद. लसूण-तेलाची चटणी बरणीत घट्ट बंद करून फडताळात ठेवायची कल्पना कितीही चांगली वाटली तरी करू नका. हवाबंद तेलात बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात आणि ते वासाने कळत नाही. चटणी फ्रिजमध्ये चार-पाच दिवस, त्याहून जास्त हवी तर फ्रीझरमध्ये. लोणचं घातलंत तरी कैरीच्या लोणच्यासारखं बाहेर ठेवू नका, टोमॅटोत पाणी फार असतं. इकडच्या पद्धतीने उकळत्या पाण्यात बरण्या सील करायच्या असतील तर सरकारी कृषी विस्तार केंद्रांनी तपासलेली कृतीच वापरा. त्यांचा एक नियम लक्षात ठेवा: फ्रॉस्टने मेलेल्या झाडावरची फळं बरणीत भरायची नाहीत. हिरवी चालतात, उलट ती पिकलेल्यांपेक्षा जास्त आंबट असतात, पण जिवंत झाडावरून काढलेली हवीत.

पुण्या-नाशिकच्या गच्चीवर

तिकडे फ्रॉस्टचा प्रश्न नाही, पण हंगाम संपतोच. तो संपवतो एप्रिल-मेचा उन्हाळा किंवा जूनचा पाऊस. निवड आणि अढी हीच, फक्त शत्रू उलटा आहे. 38-40 सेल्सिअसला झाडावर ठेवलेलं फळ लाल होण्याऐवजी पिवळट-नारिंगी होतं आणि उन्हाकडच्या बाजूने पांढरं पडून भाजतं. तेव्हा पाडाला लागताच उतरवा आणि घरातल्या सगळ्यात गार खोलीत, फरशीवर कागद अंथरून त्यावर ठेवा. माठाजवळची जागा बहुतेक घरांत बरी असते, मात्र ओल लागणार नाही इतकी लांब. जूनमध्ये वळवाच्या मोठ्या सरीआधी भरलेली फळं काढून घ्या, कारण कोरड्या कुंडीला एकदम भरपूर पाणी मिळालं की ती एका रात्रीत तडकतात. अढीत तिकडे दोन आठवडे थांबावं लागत नाही, पण नासणंही तितक्याच वेगाने होतं, म्हणून खोक्यातली फेरी सकाळ-संध्याकाळ करा.